अल्पमतातले अळू

मृदाविज्ञान संस्थेच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत डॉ. हेमंत वाघुळदे शिरले तेव्हा त्यांच्या हातात अळूचे एक पान होते. ते त्यांनी डॉ. नसीम मुजावरच्या टेबलावर, सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी ठेवले.

"हे बघ."

नसीम सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होती. कधी काळी वाघुळदेंच्या हाताखाली शिकली होती आणि आता त्याच संस्थेत त्यांच्यापेक्षा मोठ्या खोलीत बसत होती. तिने पान पाहिले. "सर, जेवायला बोलावतो म्हणाला होतात. नुसतं पानच आणलंत?"

"थट्टा नको. याच गड्ड्याची पानं मागच्या वर्षी पोळपाटाबाहेर जायची. आता तळहाताएवढी येतात. पाणी तेच, जागा तीच. मी विषाणू पाहिला, बुरशी पाहिली, काही नाही. झाडाची उपासमार चालली आहे. मातीत सगळं आहे, पण मुळाला मिळत नाही. वनस्पतीचं मी सांगितलं, मातीचं तू सांग."

"आहे कुठं हे अळू? दर्शनी अंगणात?"

"आमच्या दारात. सज्ज्याखाली, मोरीचं पाणी पडतं तिथं."

नसीमने पान हळूच त्यांच्याकडे सरकवले. "मग तपासायला नको. ती आमचीच करणी आहे."

गिरणानगर शहर वसवले तेव्हापासूनच त्याला शिस्तीचे वेड होते. शहरात स्वतंत्र घर एकही नव्हते. जिकडेतिकडे बहुकुटुंब संकुले, आणि प्रत्येक संकुलापुढे दर्शनी अंगण. ते कसे असावे हे ठरवायला एक अंगण मानक मंडळ नेमले होते. ज्यांना जन्मात कधी कुंडीत कोथिंबीर उगवता आली नाही अशी माणसे हुडकून या मंडळावर घेतली आहेत, असे वाघुळदेंचे मत होते. मंडळाचा पहिला नियम असा की फाटकापासून पायरीपर्यंत बोटभर उंचीची हिरवळ असावी. तिच्यावर पाय देऊ नये. खाण्याजोगे काही लावू नये, कारण खाण्याजोगे असले की लोक खुडतात आणि खुडले की अंगण विद्रूप दिसते. फुलांना आधी बंदी नव्हती. पण सगळ्या संकुलांत एकाच दिवशी फुलेल असे फूल मंडळाला सापडेना, म्हणून फुलेही गेली. मेंदीचे कुंपण कुठे दाट तर कुठे विरळ होई, म्हणून ते प्लास्टिकचे झाले. मोठी झाडे तर त्याच्याही आधी गेली होती, कारण दोन झाडांची सावली कधी सारखी पडत नाही.

रोज सकाळी एक टेहळणीयान गुणगुणत येई, अंगणावर घिरट्या घाली आणि फाटकावरच्या फलकावर गुण झळकावून निघून जाई. गुण कमी आले की संकुलातली शिकलीसवरलेली माणसे मान खाली घालून कामावर जात. वाघुळदेंना त्यांची कीव येत नसे. किळस येई.

अळू त्यांच्या बायकोने, चारुशीलाने लावले होते. ती मागच्या उन्हाळ्यात गेली. माहेरून आणलेला काळ्या देठाचा गड्डा तिने तळमजल्याच्या भिंतीशी खुपसला होता. वर सज्जा असल्यामुळे यानाला तो दिसत नसे. वाघुळदेंना वड्या करता येत नव्हत्या, पानाला बेसन कुठल्या बाजूने लावायचे हेसुद्धा ठाऊक नव्हते. पण भांडी ते स्वतः घासत आणि ते पाणी तिकडे जाते ना, एवढे मात्र रोज पाहत. घरात चारूच्या हातचे दुसरे काही जिवंत उरले नव्हते.

"नीट सांग," ते नसीमला म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले. "तुम्ही मातीत काय सोडलंत?"

"गणनाजीवाणू."

"म्हणजे मोजणारा? काय मोजतो?"

"मुळस्राव. झाड मुळातून साखर, आम्लं, काहीबाही सोडत असतं, ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. प्रत्येक झाडाच्या स्रावाची घडण वेगळी. आमचा जीवाणू मातीत कुठला स्राव सर्वांत जास्त आहे ते ओळखतो. जो जास्त, तो आपला. त्याच्या मुळाशी तो गुण्यागोविंदानं राहतो. बाकीच्यांच्या मुळाभोवती जमा होतो आणि त्यांचं लोह, नत्र अडवून धरतो."

"आणि एवढ्यानं नाही भागलं तर?"

"जीवाणू मूळचा कंद सडवणाऱ्या जातीचा आहे, सर. ही जात एकेकटी हल्ला करत नाही. आपण पुरेसे जमलो का, याचं तिला भान असतं. संख्याभान म्हणतो आम्ही. संख्या भरली की सगळे मिळून मुळाच्या पेशी जोडणारा पेक्टिन विरघळवतात. मूळ आतून लगदा होतं."

"गावगुंडांसारखं," वाघुळदे म्हणाले. "एकटा असला की रामराम घालतो. दहा जमले की दार फोडतात."

"मी अहवालात असं लिहिलं नव्हतं," नसीम हसली.

"पण मला एक सांग. हिरवळीचंच बियाणं ओळखेल असा जीवाणू करायचा सोडून ही मतमोजणी कशाला?"

"मंडळाची अडचण वेगळीच होती. त्यांची आवड दर वर्षी बदलते. यंदा हे गवत, पुढच्या वर्षी ते. दर वेळी नवा जीवाणू कोण करणार? ते म्हणाले, यादीच नको. जे सगळीकडे आहे ते मानक, जे कुठंतरीच आहे ते तण. एवढंच कळणारा जीव द्या. आम्ही दिला."

"आणि हे सगळीकडे म्हणजे कुठवर? माझ्या अंगणापुरतं?"

"नाही. प्रभागभर. सगळ्या अंगणांखालून झिरपवाहिन्या गेल्यात, त्यांतलं पाणी फिरत राहतं. जीवाणू एकमेकांना जे रासायनिक निरोप देतात ते त्याच पाण्यातून या संकुलातून त्या संकुलात जातात. अख्ख्या प्रभागाची मोजणी एकच."

"अळूचं काय होईल?"

"अजून नुसतं खुजं झालंय. हळूहळू सडेल. कुंडीत लावा ना."

"कुंडीत अळू!" वाघुळदे उठले. "उद्या म्हशीला बशीत पाणी पाज म्हणशील. शिवाय मुळाला चिकटून तुझे ते गुंडही येणारच कुंडीत."

"येतील," नसीमने कबूल केले. "आणि प्रभागात शेवटची मोजणी काय झाली, ते लगेच विसरतही नाहीत."

दारापर्यंत गेलेले वाघुळदे मागे वळले. "गवताचा मुळस्राव किती असतो गं?"

"आपल्या मानक गवताचा? फारच थोडा. बोटभर उंच ठेवलंय म्हणजे मुळंही बोटभरच."

"आणि अळूचा?"

नसीमने त्यांच्याकडे निरखून पाहिले. "भरपूर. ओल्यात वाढणारं, मोठ्या पानांचं झाड. पण सर, जीवाणू स्राव मोजतो, किती चौरस फूट हिरवं दिसतं ते मोजत नाही, असं तुम्ही म्हणणार असाल तर..."

"मी काही म्हणत नाही," वाघुळदे म्हणाले. "मी बाजारात चाललोय."

आठवडी बाजारातून त्यांनी अळकुड्यांचे, म्हणजे अळूच्या कंदांचे, एक पोते आणले. पुढच्या आठवड्यात आणखी आणले. आषाढ नुकताच लागला होता, जमीन ओली होती. सकाळी फिरायला जाताना ते पिशवीत अळकुड्या भरून नेत आणि ओळखीच्या, बिनओळखीच्या माणसांना वाटत सुटत. या माणसांबद्दल त्यांना काडीचा आदर नव्हता. बोटभर गवतासाठी ज्यांनी आपल्या दारातली झाडे तोडू दिली, त्यांना लोकशाही, पर्यावरण असले काही सांगून उपयोग नाही, हे ते जाणून होते. म्हणून ते फक्त वड्यांबद्दल बोलत.

"सज्ज्याखाली भिंतीशी लावा," ते सांगत. "यानाला दिसत नाही. गौरीला दारातली पानं होतील."

वड्यांचे नाव काढताच लोक हात पुढे करीत. ज्यांनी फुलांसाठी ब्र काढला नव्हता, ती माणसे जिभेसाठी चोरून माती उकरू लागली.

त्यांच्या संकुलाचे अध्यक्ष प्रफुल्ल बेंडाळे यांना हे कळायला वेळ लागला नाही. अंगणाचे गुण पाहायला ते आंघोळीच्या आधी फाटकावर येत. गुणांचा फलक हा त्यांचा देवघरातला देव होता. टॉवेल खांद्यावर टाकून ते वाघुळदेंच्या दारात उभे राहिले.

"डॉक्टरसाहेब, वहिनींचं होतं तोवर आम्ही डोळेझाक केली. आता तुम्ही सगळ्या भिंतीला लावलंत. अहो, हे मोरीवरचं झाड. पाहुणा आला तर काय म्हणेल?"

"वाढा म्हणेल."

"चेष्टा नका करू. मंडळाला कळलं तर आपले गुण जातील."

"जाऊ द्या. तुमची मुलगी काय त्या गुणांवर डॉक्टर होणार आहे?"

"तुम्हाला संकुलाची इज्जत नाही."

"बेंडाळे, तुमच्या इज्जतीवर पाय दिला तर दंड होतो, म्हणून मी बाजूनं चालतो."

बेंडाळे चिडून गेले, पण तक्रार त्यांनी केली नाही. तक्रार केली असती तर पाहणी झाली असती, आणि पाहणीत संकुलाचेच गुण कापले गेले असते. वाघुळदेंनी हे आधीच ओळखले होते. भित्र्या माणसाचा हिशेब सोपा असतो, असे ते मनाशी म्हणाले.

त्याच आठवड्यात दुपारी शेजारच्या इमारतीतल्या कोकिळा तायडे आल्या. त्या निवृत्त परिचारिका होत्या. चारू आजारी असताना रोज सुई टोचायला येत. वाघुळदेंनी त्यांच्यापुढे पिशवी धरली. तायडेबाईंनी आतली एक अळकुडी उचलली, नखाने खरवडली आणि परत टाकली.

"हे विकत आणलंत होय?"

"मग? आकाशातून पडतं का?"

"अळू कुणी विकत आणून लावतं का हो? अळू मागून आणायचं असतं. ह्याच्या दारचं त्याच्या दारी." त्या भिंतीशी गेल्या आणि वाकून काळे देठ पाहू लागल्या. "मला चारूवहिनींच्यातलाच एक गड्डा द्या. त्यांनी मागं दिला होता, तो आमच्या बाजूला या रोगानं गेला. त्यांच्या अळूला खाज म्हणून नव्हती. चिंच न घालता खाल्लंय मी."

"तो नाही मिळणार."

"एवढासा द्या. बाजूचं पिल्लू."

"त्याची मुळं आधीच अडचणीत आहेत. आता तिथं खुरपं लावायचं नाही." एवढे बोलून ते थांबायला हवे होते. पण ते पुढे म्हणाले, "आणि अळू ते अळू. याची वडी काय कडू लागणार आहे?"

तायडेबाई सरळ उभ्या राहिल्या. "वहिनींनी दिला असता," त्या शांतपणे म्हणाल्या आणि पिशवीतले काही न घेता गेल्या.

वाघुळदेंना थोडे वाईट वाटले, पण थोडेच. चारू सगळ्यांना सगळे वाटत असे. डबे जात ते परत येत नसत. तिचे वाटून संपले आणि उरलेले हे एवढे आहे. ते आपण सांभाळायचे. कारण शास्त्राला धरूनही होते. म्हणून त्यांनी त्यावर अधिक विचार केला नाही.

नारळी पौर्णिमेच्या सुमारास एका सकाळी प्रभागातले सगळे गवत एकदम पिवळे पडले.

थोडे इथे, थोडे तिथे असे झालेच नाही. कालपर्यंत हिरवे होते ते गल्लोगल्ली, फाटकाफाटकाला एका रात्रीत वाळक्या चहाच्या चोथ्यासारखे झाले. हात लावला की मुळासकट निघत होते, आणि मुळांच्या जागी नुसती चिकट ओल होती. बेंडाळे टॉवेलावरच अंगणात फिरत होते, आणि जन्मात पहिल्यांदा हिरवळीवर पाय देत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे वाघुळदेंनी खिडकीतून पोटभर पाहून घेतले. मग त्यांनी नसीमला फोन केला.

"मोजणी फिरली," ते म्हणाले.

"कळलं. मंडळाचे चार फोन येऊन गेले. सर, तुम्ही काय केलंत याची तुम्हाला कल्पना आहे ना?"

"गवताचं जे व्हायला हवं होतं ते केलं."

महिना संपायच्या आत अळूने अंगणे काबीज केली. आता जीवाणू त्याचा मित्र होता. लोह, नत्र सगळे त्याच्यापुढे आणून ठेवत होता. बाजारातल्या हिरव्या देठाच्या अळूची पाने छत्रीएवढी झाली. गौरींना घरोघरी वड्या झाल्या आणि घरोघरी घशाला खाज सुटली. मंडळाची माणसे गाडीतून आली. वाघुळदेंनी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती, पण भांडायला समोर माणूस लागतो. मंडळाचे मुख्य अधिकारी अळूकडे बघत म्हणाले, "सगळीकडे सारखंच आलंय की! छान." आठ दिवसांनी अळू हेच मानक ठरले. मंडळाने त्याला 'भव्यपर्णी' असे नाव दिले, कारण अळू म्हटले की मोरी आठवते. मानक ठरल्यामुळे अर्थातच ते खुडायला बंदी आली.

"डॉक्टरसाहेब, तुमची दूरदृष्टी!" बेंडाळे म्हणाले. "मी सगळ्यांना सांगतो, आपल्या संकुलातनं सुरुवात झाली. शेवटी वहिनींचंच अळू गावभर झालं."

वाघुळदे भिंतीशी उभे होते. चारूच्या अळूचे काळे देठ मधूनच वाकले होते.

त्यांनी खुरपे आणले नाही. हातानेच माती बाजूला केली. गड्डा वरून धड दिसत होता. बोट टेकवले तर ते आत गेले. सडक्या बटाट्याचा असतो तसा वास आला. शेजारचे पिल्लू तसेच. त्याच्या शेजारचेही तसेच. ते मुकाट्याने एकेक काढून पाहत गेले, आणि सगळे पाहून झाल्यावर तिथेच पायरीवर बसले. हाताला मऊ, काळसर लगदा लागला होता. नळ शेजारी होता, पण हात धुवायला ते बराच वेळ उठले नाहीत.

"प्रजाती एकच आहे, नसीम," प्रयोगशाळेत ते ओरडले. ते सहसा ओरडत नसत. "अळूच आहे दोन्ही! मग माझंच कसं सडलं?"

"जीवाणूला प्रजाती ठाऊक नाही, सर. पुस्तकं तुम्ही-आम्ही वाचतो. त्याला मुळस्राव कळतो. काळ्या देठाचा स्राव थोडा वेगळा, हिरव्याचा थोडा वेगळा. गवत होतं तोवर हा फरक त्याला किरकोळ होता. गवत गेलं. आता सर्वांत वेगळं कोण? तुमचं."

"म्हणजे तो थांबत नाही?"

"थांब असं कुणी सांगितलं त्याला? अल्पमत काढून टाक, एवढंच आम्ही त्याच्यात घातलं. एक अल्पमत काढलं की दुसरं उरतंच."

"हे तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही बाजारात चाललो म्हणालात आणि गेलात." नसीमचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तुम्ही घरचेच गड्डे वाटाल. चार गड्डे कमी पडले तरच बाजारातून आणाल, एवढंच. घरचे वाटले असते तर प्रभागभर तेच बहुमत झालं असतं, सर. त्याच्या केसाला धक्का लागला नसता."

वाघुळदे उठले. सगळ्या शहराला मूर्ख ठरवणारी त्यांची नजर या वेळी कुठेच टेकायला तयार नव्हती. ते तडक तायडेबाईंच्या दारी गेले. आयुष्यात त्यांनी कुणाच्या दारी जाऊन काही मागितले नव्हते. मागायचे काम चारूचे होते, देण्याचेही.

"तुमच्याकडे तिच्या अळूचं काही उरलंय का?" त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारले. "किंवा तिनं आणखी कुणाला दिलं असेल... कुणाकडे असेल?"

"आत या." त्यांच्या नखांत उरलेला काळा लगदा पाहून तायडेबाईंनी ओळखले. "प्रभागात सगळ्यांना दिलं होतं त्यांनी. सगळ्यांचं गेलं. तुमचंच तेवढं जीव धरून होतं, म्हणून तर मी आले होते. पारोळ्याला लेकीकडे न्यायचा होता गड्डा. तिथं मागं परस आहे, विहीर आहे, असलं मंडळबिंडळ काही नाही."

"तुम्ही तसं बोलला नाहीत."

"तुम्ही बोलू दिलंत का?"

तायडेबाईंनी चहा टाकला. तो वाघुळदेंनी घेतला आणि कप स्वतः विसळून ठेवला.

पुढे जे झाले ते नसीमने सांगितले होते तसेच झाले. पोत्यांतून आलेले अळू दहा शेतांवरचे होते. काळे संपल्यावर जीवाणूने त्यांतले वेगळे हुडकायला सुरुवात केली. एका शेताचे गेले, मग दुसऱ्याचे. एकाच शेताचे उरले तेव्हा सावलीतले आणि उन्हातले यांचा स्राव जुळेना, सावलीतले सडले. मग खडकाळ जागेतले. मग जिथे नळ गळत होता तिथले. एकसारखी दोन मुळे जगात नसतात, आणि जीवाणूला फार बारीक कळत होते. दिवाळी येईतो अख्ख्या प्रभागात अळूचा एकच गड्डा उरला. कुठल्याशा गाड्यांच्या तळाशेजारी तो एकटा, डौलात उभा होता. आता त्याच्याविरुद्ध कुणीच नव्हते. तो स्वतःच बहुमत होता आणि स्वतःच प्रभाग.

एका सकाळी यान त्याच्यावर येऊन थांबले. सगळीकडे मोकळी तांबडी माती आणि मध्येच हे हिरवे. यानाने त्या संकुलाचे गुण कापले. तासाभरात तिथल्या अध्यक्षांनी माणूस पाठवून तो गड्डा उपटून टाकला.

त्यानंतर गिरणानगरच्या इतिहासात पहिल्यांदाच एका प्रभागातल्या सगळ्या संकुलांना पूर्ण गुण मिळाले.

मंडळाने समारंभ ठेवला, आणि तो वाघुळदेंच्याच संकुलात ठेवला, कारण बदलाची सुरुवात तिथून झाली असे बेंडाळेंनी सगळ्यांना सांगून ठेवले होते. वाघुळदे जाणार नव्हते. पण समारंभ त्यांच्या खिडकीखालीच होता. तांबड्या मातीवर लोक उभे राहिले. मुख्य अधिकारी म्हणाले, "इतकी वर्षं आपण योग्य वनस्पती शोधत होतो. तुमच्या प्रभागानं दाखवून दिलं की वनस्पती हीच विसंगती होती." टाळ्या पडल्या. बेंडाळेंनी डोळे टिपले. सन्मानफलक तयार होता, पण तो कुठे लावावा हा प्रश्न आला. इतर संकुलांत फलक नव्हता. इथे लावला तर अंगण वेगळे दिसणार. म्हणून तो परत गाडीत ठेवला गेला.

वाघुळदे पायरीवर येऊन उभे राहिले. मागून नसीम आली.

"मुळं नाहीत तर जीवाणूला खायला नाही, सर," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यापर्यंत सगळे मरतील. माती मोकळी होईल."

"कशासाठी?" वाघुळदे म्हणाले.

तेवढ्यात यान आले. ते सकाळचे यायचे, पण समारंभ चित्रित करायला मंडळाने त्याला मुद्दाम बोलावले होते. ते गर्दीवर दोनदा फिरले आणि थबकले. फलकावरचे पूर्ण गुण लुकलुकले आणि खाली घसरू लागले.

"अंगणात विसंगती आढळली आहे," यान सौम्य आवाजात म्हणाले. "कृपया अंगण मोकळे करावे."

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. मातीवर गवताची काडी नव्हती. मग मुख्य अधिकाऱ्यांना समजले आणि त्यांनी मोठ्याने सांगितले, "आपणच हो, आपण! आत व्हा, आत व्हा." कुणी हसलेसुद्धा नाही. आमंत्रण देऊन बोलावलेली माणसे चपला उचलून लगबगीने जिन्याकडे पळाली. बेंडाळे सर्वांत पुढे होते, आणि पळता पळता आपल्या पावलांचे ठसे टाचेने पुसत होते. अधिकारी गाडीत बसले.

वाघुळदे पायरी उतरून अंगणात गेले. भिंतीशी, सज्ज्याबाहेर, यानाला स्वच्छ दिसतील असे उभे राहिले.

"कृपया अंगण मोकळे करावे," यान म्हणाले. फलकावरचा आकडा आणखी खाली आला.

"डॉक्टरसाहेब!" जिन्याच्या काचेआडून बेंडाळेंचा आवाज आला. "एका माणसासाठी सगळ्यांचे गुण चाललेत!"

वाघुळदेंनी मान वर करून यानाकडे पाहिले. त्यांना आता राग येत नव्हता, कीवही येत नव्हती. पाय मात्र दुखत होते.

गर्दी गेली होती, तरी तायडेबाई फाटकाशीच होत्या. त्या मातीतून सरळ चालत आल्या. आकडा आणखी घसरला.

"किती वेळ उभं राहायचा विचार आहे?" त्यांनी विचारले.

"बघू."

"पायांना सूज आहे तुमच्या. खुर्ची आणू का घरातनं?"

वाघुळदेंनी थोडा विचार केला.

"दोन आणा," ते म्हणाले.